सिमेंटचा ठोकळा आणि लोकशाहीची कसोटी

(सणसवाडी, तालुका शिरूर येथे कामगार व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. बांधकामाच्या मालाची चाचणी आणि कामाची तपासणी हा विषय इंजिनीअरांच्या परिषदेत शोभेल, कामगारांच्या सभेत त्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या चळवळीला वेतनाचा, कंत्राटी पद्धतीचा, जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न परिचयाचा आहे. वाळूत माती किती आणि स्लॅबवर पाणी किती दिवस मारले, हा राजकारणाचा विषय आहे असे आपण सहसा मानत नाही. मला आज एवढेच सांगावयाचे आहे, की तो राजकारणाचा विषय आहे. आणि आपण तो तसा मानला नाही म्हणूनच त्याची किंमत आपल्या माणसांनी प्राण देऊन मोजली आहे.

पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव पाहा. ज्या रानात बाजरी आणि ज्वारी होत असे, तेथे आज कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. कारखाने आले तसे कामगार आले. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आले. त्यांना राहावयास खोल्या हव्या होत्या. ज्यांची जमीन गेली होती, त्यांनी मिळालेल्या पैशातून खोल्या बांधल्या, एका मजल्यावर दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा चढवला. हे सारे बांधणारा गवंडी आणि बिगारीही आपलाच, त्यात भाडे भरून राहणारा आपलाच आणि भाडे घेणाराही बहुधा आपल्याच शेतकऱ्याचा मुलगा. म्हणून या प्रश्नात शत्रू दूर कोठे तरी बसला आहे असे म्हणून आपली सुटका होणार नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. कारखान्याच्या इमारतीसाठी स्थैर्याचे प्रमाणपत्र घेतले पाहिजे, असा दंडक महाराष्ट्रात कारखाना नियमांनी घातला. हेतू योग्यच होता. पण पाळी संपवून तोच कामगार ज्या खोलीत पाठ टेकतो, त्या खोलीच्या छपराची ताकद कोणी तपासली? यंत्रावरच्या छपराची चौकशी होते आणि माणसावरच्या छपराची होत नाही, ही गोष्ट आपल्या समाजरचनेबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

पानशेतचा धडा

या विषयावर पुणे जिल्ह्यात बोलावयाचे तर पानशेतपासून आरंभ करावा लागतो. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली मुठेवरचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेच पाणी मुळा-मुठेतून पुढे शिरूर-दौंडच्या सीमेवर भीमेला येऊन मिळाले. ही आपत्ती आपल्या नद्यांनीच वाहून आणली होती. ती परक्या मुलखातली गोष्ट नव्हे.

पानशेतचे धरण तेव्हा पहिल्याच पावसाळ्याचे पाणी अडवीत होते आणि त्याचे काम पुरते संपलेले नव्हते. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर काढणारा जो बंदिस्त मार्ग असतो, तो सळया घातलेल्या काँक्रीटचा करण्याची रीत तेव्हाही रूढ होती. पण देशात पोलादाची टंचाई होती. म्हणून तो सळयांवाचून, काँक्रीटचे ठोकळे रचून करण्यात आला. मार्ग खचला की त्यावरचा मातीचा भराव खचणार आणि भराव खचला की पाणी माथ्यावरून वाहणार, ही परंपरा समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरणाचा माथा राखण्याची शिकस्त केली. शहराला सावरण्यास जो थोडा वेळ मिळाला, तो त्यांच्या श्रमांमुळे मिळाला. पुढे प्रथम न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्यानंतर न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने चौकशी केली.

यातून घ्यावयाचा धडा कोणता? टंचाई होती ही गोष्ट खरी. गरीब देशाला प्रत्येक ठिकाणी उत्तमातला उत्तम माल वापरणे परवडत नाही, हेही खरे. पण मालात तडजोड केल्यावर काळजी दुप्पट करावयास हवी होती. तेथे घाई करण्यात आली. ज्या यंत्रणेने तडजोड केली, तीच यंत्रणा काम चांगले झाले की नाही हे ठरवणार होती. ज्याचे वेळापत्रक, त्याचीच तपासणी. ज्या लाखो लोकांच्या डोक्यावर ते पाणी साठत होते, त्यांना यातले काहीही ठाऊक नव्हते आणि विचारण्याचा हक्कही नव्हता. पानशेतला सळया कमी पडल्या, हे खरेच. पण सळयांपेक्षाही काही कमी पडले असेल, तर तो स्वतंत्रपणे 'थांबा' म्हणू शकणारा माणूस होता.

टंचाई गेली, तरी दोष राहिला

त्यानंतरची दोन दशके सिमेंट हे परमिटाने मिळणारे धान्य होते. टंचाईतून काळा बाजार झाला आणि काळ्या बाजारातून राखमिश्रित सिमेंट झाले. १९८२च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सिमेंटच्या वाटपाचा आणि न्यासांना मिळालेल्या देणग्यांचा संबंध जोडून दाखवला आणि मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९मध्ये ते पूर्णपणे गेले. तेव्हा पुष्कळांना वाटले, की आता माल मुबलक झाला, भेसळीचे कारण उरले नाही. बाजार आपोआप चोख काम करून घेईल.

तसे झाले का? ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्रा-शिळफाटा परिसरात एक अनधिकृत इमारत पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळली. ७४ माणसे मेली. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला उंच इमारतीचा स्लॅब पडून ९ मजूर मेले. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात पावसात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. १५ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैच्या रात्री, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. धरण खेकड्यांनी पोखरले, असा खुलासा राज्याच्या एका मंत्र्यांनी केला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला, दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत जमीनदोस्त झाली. १६ बळी गेले.

या घटना एका माळेत ओवल्या तरी त्यांची कारणे सारखी नाहीत. कोठे परवानगीच नव्हती, कोठे तात्पुरता आधार कच्चा होता, कोठे देखभाल झाली नव्हती. मात्र दोन गोष्टी सर्वत्र सारख्या आहेत. पहिली अशी, की कोणत्याही ठिकाणी पोलाद किंवा सिमेंट देशात मिळत नव्हते असे नाही. दुसरी अशी, की मेलेली माणसे बव्हंशी कष्टकरी किंवा मध्यम स्थितीतली होती. निर्णय घेणारे त्यांत नव्हते. टंचाईच्या काळात जो दोष आपण गरिबीच्या माथी मारीत होतो, तो समृद्धीच्या काळातही टिकून राहिला. तेव्हा त्याचे मूळ मालाच्या तुटवड्यात नव्हते. कोण कोणाला जाब विचारतो, या संबंधात ते होते आणि आहे.

तपासणी म्हणजे नेमके काय?

आता थोडे तपशिलात शिरू. तपासणी हा शब्द आपण साहेबाच्या जीपगाडीशी जोडतो. जीप येते, साहेब चहा घेतात, वहीत सही होते, जीप जाते. खरी तपासणी फार साधी आणि फार चिवट गोष्ट आहे.

काँक्रीटचा माल ओतताना त्यातूनच १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवतात. ते पाण्यात ठेवून ७ आणि २८ दिवसांनी यंत्राखाली दाबून फोडतात. एम-२० प्रतीचे काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी प्रत्येक चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन दाब सोसण्याच्या ताकदीचे काँक्रीट. किती मालाला किती नमुने घ्यावयाचे, हेही ठरलेले आहे. भारतीय मानक ४५६च्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे ५ घनमीटरपर्यंत १, ६ ते १५पर्यंत २, १६ ते ३०पर्यंत ३ नमुने, आणि प्रत्येक नमुन्यात तीन ठोकळे. म्हणजे आपल्या चाळीच्या एका बेताच्या स्लॅबलासुद्धा दोन-तीन नमुने व्हावयास पाहिजेत.

परंतु या चाचणीत एक अडचण आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. निकाल २८ दिवसांनी येतो. तोवर वरचा मजला चढलेला असतो. ठोकळा नापास झाला तर स्लॅब पाडण्याचे धैर्य कोण दाखवणार? बहुधा ठोकळाच पुन्हा पास करून घेतला जातो. शिवाय ठोकळ्यांसाठी सिमेंट जास्त घातलेला वेगळा माल कालवला, तर कागद निर्दोष आणि स्लॅब सदोष, असा चमत्कार सहज घडतो. म्हणून शहाणी तपासणी माल ओतण्यापूर्वी होते आणि नमुना कोणत्या घमेल्यातून उचलावयाचा, हे कंत्राटदाराने नव्हे तर तपासणाऱ्याने ठरवावयाचे असते.

ओतण्यापूर्वीची ही तपासणी करण्यासाठी पदवी लागत नाही. १२ मिलिमीटरच्या सळईचा एक मीटर तुकडा ८८८ ग्रॅम भरला पाहिजे. ८ मिलिमीटरचा ३९५ ग्रॅम. किराणा दुकानातला काटा हे काम करतो. थोडा फरक मानकांनाही मान्य आहे. पण तुकड्यामागून तुकडा शंभर-शंभर ग्रॅम हलका भरत असेल, तर सळई बारीक आहे हे शाळकरी मुलालाही कळेल. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवून ठेवले, की माती वर बसते. तिचा थर जाड दिसला, तर ती वाळू प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय वापरू नये. नदीची वाळू दुर्मीळ झाल्यापासून आपल्या भागात दगड फोडून केलेली क्रश सँड येते. ती वाईट नाही. पण तिच्यात भुकटी किती, हे पाहिलेच पाहिजे. सिमेंटच्या पोत्यावर महिना आणि वर्ष छापलेले असते. पावसाळाभर ओलीत पडून खडे झालेले सिमेंट स्वस्त मिळते, ते का स्वस्त, याचा विचार करावा.

आणि पाणी! बांधकामाचा सर्वांत स्वस्त घटक हाच सर्वांत जास्त घात करतो. मालात पाणी वाढवले की तो भराभर पसरतो, मजुराचे श्रम वाचतात, मुकादम खूश होतो. ताकद मात्र घटते. उलट स्लॅब झाल्यावर किमान ७ दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असल्यास किंवा हवा कोरडी व उष्ण असल्यास किमान १० दिवस, तो ओला ठेवावयास पाहिजे. तेथे मात्र पाणी मिळत नाही. शिरूर तालुका अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात जेथे प्यावयाचे पाणी टँकरने येते, तेथे स्लॅबवर पाणी मारण्यासाठी टँकरला पैसे कोण देणार? अशा रीतीने जे पाणी मालात नको ते घातले जाते, आणि जे नंतर हवे ते घातले जात नाही.

येथे मजुराला दोष देणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. स्लॅबचे काम उक्ते दिलेले असते. जितक्या लवकर संपेल तितकी मजुरी पदरात पडते. निविदा अंदाजपत्रकाहून पंधरा-वीस टक्के कमी दराने भरली जाते, त्यातून ज्याचे त्याचे टक्के दिले जातात, काम पोटकंत्राटदाराकडे आणि त्याच्याकडून मुकादमाकडे जाते. शेवटी जो पैसा उरतो, त्यातच सिमेंट आणि मजुरी दोन्ही बसवावयाची असतात. ज्या बाईने डोक्यावर घमेली वाहिली, तिला माल पातळ आहे हे दिसते. पण ते बोलून दाखवले तर उद्या मजूर अड्ड्यावर तिला कोणी उचलणार नाही. आपल्या देशातील सर्वांत अनुभवी तपासनीस असा रोज मुका केला जातो.

तपासणाऱ्याचा पगार कोण देतो?

या साऱ्यावर शासनाची यंत्रणा नाही असे नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात दक्षता व गुणनियंत्रणाची स्वतंत्र मंडळे आहेत. नाशिकला १९५९ सालापासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. पुण्याचे इंजिनीअरिंग कॉलेज १८५४पासूनचे. महाराष्ट्राच्या कित्येक बांधकामांचे नमुने तेथे तपासले गेले. डिसेंबर २०००मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तपासणीचे तीन स्तर ठेवले गेले: जागेवरची प्रयोगशाळा, राज्याचे निरीक्षक आणि त्यांच्यावर राष्ट्रीय निरीक्षक. रस्ता केल्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारीही कंत्राटदारावर टाकण्यात आली. खासगी घरांच्या बाबतीत २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधणीतला दोष विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावा, असे बंधन घातले.

ही प्रगती आहे हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण तिची भोकेही पाहिली पाहिजेत. स्थावर संपदा कायद्याची नोंदणी ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत सदनिकांना लागत नाही. आणि तो कायदा मुळात घर विकत घेणाऱ्यासाठी आहे. सणसवाडीत खोली भाड्याने घेणारा कामगार त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. सरकारी कामावर 'त्रयस्थ' संस्थेची तपासणी असते. पण ज्याचे काम तपासावयाचे, त्याच्याच बिलातून किंवा त्याच्याच मर्जीने त्या त्रयस्थाचे शुल्क जात असेल, तर तो त्रयस्थ किती दिवस राहील? चाचणीचा अहवाल कार्यालयाच्या कपाटात राहतो. रस्ता ज्यांच्या दारावरून जातो, त्यांना तो दिसत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा, की तपासणी वाढवा म्हणणे म्हणजे आणखी एका सहीची, आणखी एका हप्त्याची सोय करणे होय. इन्स्पेक्टर वाढले की भ्रष्टाचार वाढतो. आपल्या अनुभवाला हा आक्षेप पटण्याजोगा आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. गुप्त तपासणीला तो पुरेपूर लागू पडतो. दहा इन्स्पेक्टर बंद खोलीत बसवले तर दहा पाकिटे लागतील. पण ठोकळा गावासमोर भरला, त्यावर तारीख आणि सही गावासमोर झाली, आणि त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला, तर लाच द्यावयाची कोणाला? सबंध गावाला देण्याइतके मोठे पाकीट अजून निघालेले नाही. आपल्याला तपासनीस जास्त नकोत, तपासणी उघडी हवी.

आपल्या हाती काय आहे?

या उघडेपणासाठी लढण्याची परंपरा आपल्याकडे आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४च्या डिसेंबरात कोट किराणा येथे पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. १९९६ साली ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी धरणे धरले गेले. आपल्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी महाराष्ट्रात हीच मागणी लावून धरली आणि देशाच्या कायद्याआधी महाराष्ट्राने आपला कायदा केला. त्यातून २००५चा माहितीचा अधिकार आला.

या कायद्यातली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. माहितीचा अधिकार म्हणजे केवळ झेरॉक्स प्रती मिळवण्याचा अधिकार नव्हे. कलम २(जे)मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार नागरिकाला दिला आहे. सार्वजनिक पैशातून होणारा रस्ता, शाळेची खोली, पाण्याची टाकी यांतल्या मालाचा नमुना मागण्याचा तुमचा हक्क आहे. तेथे तुम्ही कोणाची मेहेरबानी मागत नाही.

तेव्हा माझ्या सूचना मोजक्या आहेत. गावात होणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक कामाचे अंदाजपत्रक, मालाची प्रत आणि चाचण्यांची यादी मराठीत कामाच्या जागी लावण्याचा ठराव ग्रामसभेने करावा. नमुने घेण्याचा दिवस आधी जाहीर व्हावा. अंतिम बिलापूर्वी चाचण्यांचे निकाल ग्रामसभेत वाचले जावेत. खासगी खोल्यांच्या बाबतीत, या भागापर्यंत आलेल्या महानगर प्राधिकरणाने परवानगीच्या वेळी नकाशा पाहून थांबू नये. पाया, प्रत्येक स्लॅब आणि शेवट अशा टप्प्यांवर पाहणी सक्तीची करावी, आणि तिचा खर्च लहान मालकाला झेपेल अशा बेताने ठेवावा. चाचणीचा खर्च लहान माणसाला जड जातो म्हणून चाचणीच नको, हे उत्तर नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा माफक दरात उपलब्ध करणे, हे उत्तर आहे.

आणि कामगार संघटनांनी एक नवी मागणी आपल्या सनदेत घालावी. सदोष मालावर काम करण्यास नकार देणाऱ्या किंवा त्याबद्दल तक्रार करणाऱ्या बांधकाम मजुराचा रोजगार जाता कामा नये. वेतनाच्या हक्काइतकाच हा हक्क मोलाचा आहे. कारण पडणाऱ्या स्लॅबखाली पहिला सापडतो तो तोच. गवंड्यांसाठी आणि बिगाऱ्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, शिक्षणाचे वर्ग काढावेत. सळई तोलणे, वाळू धुऊन पाहणे, ठोकळा भरणे हे दोन रविवारांत शिकता येते.

मित्रहो, समाजवादाबद्दल आपण मोठ्या शब्दांत पुष्कळ बोलतो. उत्पादनाच्या साधनांवर समाजाची मालकी असावी, असे आपण म्हणतो. ज्या समाजाला आपल्या शाळेच्या छपरात सळई किती जाडीची घातली हे विचारता येत नाही, तो समाज गिरण्या आणि कारखाने चालवील, यावर कोण विश्वास ठेवील? मालकीची सुरुवात माहितीपासून होते आणि माहितीची सुरुवात प्रश्नापासून. पुढच्या ग्रामसभेत सणसवाडीने पहिला प्रश्न विचारावा: या कामाचे ठोकळे कोठे आहेत, ते कोणासमोर भरले आणि त्यांचा निकाल काय आला? उत्तर मिळेपर्यंत बिल मंजूर होऊ देऊ नये. काम एका दिवसाने लांबेल. पण ते आपल्या मुलांच्या डोक्यावर पडणार नाही.